दुसऱ्याला करता येईल असे लिहिणे



कीटकनाशकाची बाटली आपण विकत आणतो तेव्हा तिच्याबरोबर कागदाची एक बारीक घडी येते. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, आणि घडीत लिहिलेले असते की औषध किती पाण्यात किती घालावे, फवारताना काय काळजी घ्यावी, चुकून पोटात गेल्यास काय करावे. पुष्कळजण ती घडी उलगडतही नाहीत. बांधावरच्या शेजाऱ्याला विचारतात आणि कामाला लागतात. दोष वाचणाऱ्याचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ती घडी एकदा नीट पाहा. अक्षर मुंगीएवढे, वाक्य हातभर लांब, आणि मात्रा दिलेली हेक्टरी! आपल्या पाठीवरच्या पंपात किती टाकायचे ते काढायला आणखी एक गणित मांडावे लागते. ज्याने हे लिहिले त्याने कायद्याची अट पुरी केली असेल; फवारणारा मनुष्य त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढे मात्र खरे.

आज मी आपणांशी बोलणार आहे ते असल्याच एका लिखाणाविषयी. हे लिखाण औषधाबरोबर येत नाही. ते संगणकाच्या आज्ञावलीबरोबर, म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर येते. त्यातही ज्याला 'एपीआय' म्हणतात त्याचे माहितीलेखन हा आजचा विषय. नाव परके आहे, म्हणून बिचकण्याचे कारण नाही. वस्तू ओळखीची आहे.

हिंगोलीचा हळदीचा बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथले मार्केट यार्ड नामदेव महाराजांच्याच नावाने ओळखले जाते. समजा, नरसीच्या एका शेतकऱ्याला गाडी भरण्याआधी भाव विचारायचा आहे. तो आडत्याला फोन करतो. विचारण्याची रीत ठरलेली असते: कोणता माल, कोणता वाण, कोणत्या दिवसाचा भाव. उत्तराचीही रीत ठरलेली असते. आता कल्पना करा की दोन्ही टोकांना माणूस नाही. एका टोकाला शेतकऱ्याच्या मोबाईलमधली आज्ञावली, दुसऱ्या टोकाला दूरचा एक मोठा संगणक. आज्ञावलीने विचारायचे आणि संगणकाने उत्तर द्यायचे. कोणत्या खिडकीवर जायचे, ओळख म्हणून काय दाखवायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि उत्तर कोणत्या क्रमाने मिळेल, याचा जो करार ठरवून ठेवलेला असतो, त्याला एपीआय म्हणतात. आणि हा करार कोणाही परक्या माणसाला वाचून वापरता यावा अशा रीतीने लिहून ठेवणे, हे त्या माहितीलेखकाचे काम. कंपन्यांतून त्याला 'टेक्निकल रायटर' म्हणतात.

हे उदाहरण केवळ कल्पनेतले नाही. केंद्र सरकारने २०१२ साली माहितीचे एक खुले संकेतस्थळ सुरू केले. देशभरच्या बाजार समित्यांतले शेतमालाचे रोजचे दर तेथून या पद्धतीने मागवता येतात. उत्तरात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख, आणि किमान, कमाल व 'मोडल' असे तीन दर येतात.

आता एखादा हुशार मुलगा त्या माहितीवरून गावासाठी भाव दाखवणारे ॲप करायला बसला, तर तो कोठे कोठे अडेल ते पाहा. समजा, दर म्हणून बारा हजार हा आकडा आला. बारा हजार कशाचे? क्विंटलचे. हे कोठे लिहिलेले नसेल तर पोत्याचा भाव मागणारा वाचक फसला. दुसरे, 'मोडल' दर म्हणजे काय? पुष्कळांना तो सरासरी दर वाटतो. तो सरासरी नव्हे. ज्या दराने सर्वांत अधिक सौदे झाले तो दर, ज्याला आपल्या बाजारपत्रकात 'सर्वसाधारण दर' म्हणतात, तो हा. समजा दहा सारख्याच ढिगांपैकी सात बारा हजारांनी गेले, दोन अकरा हजारांनी गेले आणि एक निवडक ढीग सोळा हजारांनी गेला. सरासरी काढाल तर बारा हजार दोनशे येईल. पण त्या दिवशी बारा हजार दोनशे दराने एकाही शेतकऱ्याची हळद विकली गेलेली नाही! सर्वसाधारण दर बारा हजारच. तिसरे, तारीख. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आपल्याकडे आधी दिवस लिहितात, अमेरिकेत आधी महिना. येथे आधी दिवस आहे, हे सांगावे लागते. चौथे, ज्याने स्वतःची नोंदणी केलेली नाही त्याला नमुन्याची एक किल्ली मिळते, आणि त्या किल्लीने एका वेळी दहाच नोंदी मिळतात. हे जर सांगितले नाही, तर त्या मुलाची समजूत होईल की आज साऱ्या देशात दहाच बाजार भरले.

चार गोष्टी, चार ओळी. पण त्या चार ओळी असल्या तर काम होते आणि नसल्या तर होत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, झाल्यासारखे दिसते आणि चुकीचे होते. चुकीचा भाव वाचून कोणी गाडी भरली तर नुकसान ॲप करणाऱ्याचे होत नाही, हळद विकणाऱ्याचे होते.

ही अडचण आजची आहे असे मात्र समजू नका. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. वारंवार लागणाऱ्या गणितांचे तयार तुकडे लिहून त्यांचा एक संग्रह तेथे करण्यात आला होता, म्हणजे प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात करायला नको. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक तुकडा कसा वापरावा याचे टाचण होते. एपीआयच्या माहितीलेखनाचे अगदी आरंभीचे रूप म्हणून त्याकडे बोट दाखवतात. यांपैकी डेव्हिड व्हीलर यांनी पुढच्याच वर्षी असे मत मांडले की, आतली रचना ठाऊक नसलेल्या माणसालाही तुकडा सहज वापरता येईल असे त्याचे वर्णन लिहिणे, हेच कदाचित या साऱ्यातले सर्वांत अवघड काम असेल. लक्षात घ्या, हे बोलणारा मनुष्य गणिती होता, भाषेचा प्राध्यापक नव्हता. संगणक जेमतेम तीन वर्षांचा झाला होता, आणि यंत्र घडवणाऱ्यांनाच कळून चुकले होते की सांगण्याची कला यंत्राइतकीच अवघड आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू काटकोनात ठेवून, त्यांतून लेसरचा प्रकाश खेळवून, आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या, असे तिचे कार्य आहे. अशाच दोन वेधशाळा अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली लहर त्यांनी पहिल्यांदा टिपली. नरसीत तेव्हा दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

त्या लहरीची नोंद शास्त्रज्ञांनी कुलपात ठेवलेली नाही. गुरुत्वीय लहरींच्या मुक्त माहितीचे एक केंद्र आहे. तेथून ती कोणालाही, अगदी आपल्या शाळेतल्या मुलालाही, फुकट घेता येते. घटनेचे नाव दिले की आज्ञावली त्या घटनेची वेळ आणि नोंदींच्या फायली आणून देते. म्हणजे तेथेही एपीआय आलाच. पण वेळ म्हणून जो आकडा येतो तो असा: ११२६२५९४६२. यात तास कोठे, मिनिटे कोठे? नुसते पाहून कोणालाही कळणार नाही. माहितीलेखकाने तेथे सांगितले पाहिजे की ही वेळ सेकंदांत आहे, आणि ती ६ जानेवारी १९८० पासून मोजली आहे. त्याने हेही सांगितले पाहिजे की नेहमीच्या फायलींत दर सेकंदाला ४०९६ आकडे असतात, आणि कोणाला अधिक बारकावा हवा असेल तर १६३८४ आकड्यांच्या फायलीही आहेत. हे सांगितले की औंढ्याचा मुलगा आणि अमेरिकेतला मुलगा एकाच पायरीवर येतो. माहिती खुली करणे ही एक गोष्ट झाली. ती वापरता येईल अशी करणे ही दुसरी. दार उघडले पण उंबरठाच पुरुषभर उंच असेल, तर आत कोण जाणार?

लायगोची चर्चा निघाली की आपल्या भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो विचारणाऱ्यांत माझे विद्यार्थी असतात आणि त्यांचे पालकही असतात. एवढे मोठे काम आपल्या मातीत होत आहे, त्यात आमच्या मुलांना काय? फाटकावरची राखण आणि चहाची टपरी, एवढेच का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळीच मुले भौतिकशास्त्राचे संशोधक होणार नाहीत, हे उघड आहे. पण ज्या ज्या ठिकाणी अशी यंत्रे आणि आज्ञावल्या असतात, त्या त्या ठिकाणी समजून घेऊन समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज असते. हे काम पुण्यात होते, बंगळूरला होते, आणि पुष्कळसे घरी बसून होते. त्यासाठी लागणाऱ्या अंगच्या गुणांपैकी निम्मे गुण चांगल्या शिक्षकात मुळातच असतात. उरलेले शिकता येतात. ते कोणते आणि कसे, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, कोण वाचणार आणि का वाचणार, हे ओळखणे. डॅनिएले प्रोचिडा नावाच्या लेखकाने माहितीलेखनाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते आपल्या घरगुती व्यवहारालाही लागू पडतात. नव्या सुनेला शेजारी बसवून पहिली पुरणपोळी करवून घेणे, हा झाला पाठ. तिला पोळी येते, पण आज पन्नास पाने उठायची आहेत, तेव्हा पुरण किती शिजवायचे, हे सांगणे झाली कृती. तिथी केव्हा लागते हे पाहायला आपण पंचांग उघडतो. पंचांग कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. तो झाला कोश. आणि पुरण सैल का झाले, डाळीचे पाणी कशासाठी काढायचे, हे सांगणे झाले स्पष्टीकरण. पाठ, कृती, कोश, स्पष्टीकरण. ज्याला कृती हवी त्याच्या हाती पंचांग दिले, किंवा ज्याला तिथी हवी त्याला व्याख्यान दिले, तर दोघेही वैतागतात. एपीआयचे पुष्कळसे माहितीलेखन बिघडते ते येथेच. कोश लिहिलेला असतो आणि तोच पाठ म्हणून विद्यार्थ्यापुढे टाकलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अवजारे. सुताराला रंधा, तसा या लेखकाला काही अवजारांचा सराव हवा. त्यांतली बहुतेक फुकट मिळतात, आणि साध्या संगणकावर चालतात.

त्यांत पहिले मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ते तयार केले. साधाच मजकूर लिहायचा. मथळ्यापुढे एक खूण, यादीपुढे दुसरी खूण, एवढेच. तासाभरात येते. मजकूर साधा असल्यामुळे तो कोणत्याही संगणकावर उघडतो आणि दहा वर्षांनीही वाचता येतो.

दुसरे गिट. हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केले. गावच्या महसुली दप्तरातली फेरफार नोंदवही आपणांस ठाऊक आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की नोंदीला क्रमांक पडतो, तारीख पडते, कारण लिहिले जाते, आणि मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतो. जुनी नोंद खोडली जात नाही. गिट म्हणजे लिखाणाची फेरफार नोंदवही समजा. कोणती ओळ कोणी, केव्हा, कशासाठी बदलली, हे त्यात राहते. दुसऱ्याने तपासल्यावाचून बदल मूळ मजकुरात जाऊ नये अशी व्यवस्थाही त्याच्या आधाराने करता येते. दहाजण मिळून एकच पुस्तक लिहीत असतील तर अशा वहीवाचून भांडणेच व्हायची.

तिसरे ओपन-एपीआय. टोनी टॅम यांनी २०११ मध्ये 'स्वॅगर' या नावाने त्याची सुरुवात केली. २०१६ पासून ते ओपन-एपीआय या नावाने ओळखले जाते. हा एक ठरलेला नमुना आहे. खिडकी कोणती, विचारताना काय काय द्यायचे, त्यातले आवश्यक काय आणि ऐच्छिक काय, उत्तर काय येईल आणि चूक झाली तर कोणता क्रमांक येईल, हे त्यात भरायचे. भरलेल्या नमुन्यावरून कोशाची पाने यंत्रच तयार करते. चुकीच्या क्रमांकांकडे मात्र लेखकाने स्वतः लक्ष द्यावे. ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा विचारलेत. वाचक अडतो तो सर्व सुरळीत असताना नव्हे, चूक झाल्यावर. त्या वेळी पुढे काय करावे ते सांगणारी ओळ लिहिलेली असली पाहिजे.

चौथे स्फिंक्स. पायथन या संगणकभाषेच्या माहितीलेखनासाठी ते २००८ मध्ये आले. साध्या मजकुराची पाने, अनुक्रमणिका आणि सूची ते बांधून देते. गुरुत्वीय लहरींच्या नोंदी वाचण्यासाठी जीडब्ल्यूपाय नावाचा जो पायथनचा संच आहे, त्याचे माहितीलेखन स्फिंक्सनेच बांधलेले आहे. आणि पाचवे, खिडकीवर प्रत्यक्ष प्रश्न टाकून उत्तर पाहण्याचे पोस्टमनसारखे साधन. हे आपल्याच देशातल्या, बंगळूरच्या तरुणांच्या हातून घडले आणि आज जगभर वापरले जाते. त्याचे महत्त्व असे की, लेखकाने कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. लिहिण्यापूर्वी स्वतः विचारून पाहावे आणि आलेले उत्तर तसेच्या तसे उतरवावे.

अवजारे आली म्हणजे सुतारकी आली असे होत नाही. म्हणून तिसरी गोष्ट, हात बसणे. येथे मला मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाचे उदाहरण द्यावेसे वाटते. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली तो वाढला. मोफत आज्ञावल्या शिकवणारे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. पुष्कळ पाठ मराठीतही आहेत. पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलायचे ते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. संहिता पक्की करण्याआधी ती नवशिक्याकडून तपासून घेतात. तज्ज्ञाला संहितेतली उणीव दिसत नाही, कारण उणीव त्याचे मन आपोआप भरून काढते. नवशिका मात्र नेमका तेथेच थांबतो.

हा प्रयोग मी वर्गात करतो, आणि आपल्यापैकी कोणत्याही शिक्षकाला तो खडू-फळ्यावाचून करता येईल. एका विद्यार्थ्याने सायकलची उतरलेली चेन बसवण्याची कृती कागदावर लिहायची. दुसऱ्याने तो कागद हातात धरून, लिहिले असेल तेवढेच, एक अक्षर अधिक न करता, करायचे. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. एकदा एकाने लिहिले, "चेन दातांत अडकवून पायडल फिरवा." करणारा म्हणाला, "पुढच्या चक्राच्या की मागच्या? वरून की खालून? आणि पायडल सुलटे फिरवू की उलटे?" सारा वर्ग हसला. पण लिहिणाऱ्या मुलाने कागद परत मागून घेतला आणि खाली बसून एका ओळीच्या चार ओळी केल्या. त्या दिवशी तो जे शिकला ते व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. आपल्याला जे उघड वाटते ते दुसऱ्याला उघड नसते, ही ती विद्या.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी रस्ता असा. पायथन इतके शिकावे की आपल्या हाताने एक प्रश्न पाठवता यावा आणि आलेले उत्तर उलगडता यावे. मोठा आज्ञावलीकार होण्याची गरज नाही. इंग्रजी साधे, नेमके लिहिता आले पाहिजे. कारण या क्षेत्रातले बहुतेक लिखाण इंग्रजीत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अलंकारिक इंग्रजी लागत नाही, आखूड वाक्यांचे लागते. गूगलने तांत्रिक लेखनाचे आपले अभ्यासपाठ २०२० मध्ये सर्वांना मोफत खुले केले. लेखनशैलीचे त्यांचे नियमही २०१७ पासून सर्वांना वाचता येतात. या व्यवसायातल्या लोकांची 'राइट द डॉक्स' ही मंडळी २०१३ पासून परिषदा भरवीत आली आहे. आणि सर्वांत उत्तम उमेदवारी म्हणजे एखाद्या खुल्या आज्ञावलीचे माहितीलेखन घेऊन त्यातल्या चुका दुरुस्त करणे. एखादे उदाहरण चालत नसेल तर ते चालते करून पाठवावे. फेरफार वहीत आपल्या नावाने नोंद पडते. नोकरी मागायला गेल्यावर ती नोंदच आपली शिफारस होते, आणि ती नोंद नरसीत बसून केली की न्यूयॉर्कमध्ये, हे कोणी विचारीत नाही.

आता कोणी म्हणेल, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता सारे लिहून देते, मग हा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. यंत्र क्षणात पानेच्या पाने लिहिते, भाषाही सफाईदार असते. पण जी खिडकी अस्तित्वातच नाही तिचे वर्णनही ते तितक्याच आत्मविश्वासाने करते. सर्वसाधारण दराला ते सरासरी म्हणून गेले तर वाक्य ऐकायला गोडच लागेल. खोटे आहे हे त्या वाक्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. तेव्हा पहिला खर्डा यंत्राने करावा, हरकत नाही. त्यातला प्रत्येक आकडा पडताळणे, प्रत्येक उदाहरण चालवून पाहणे आणि वाचणाऱ्याची अडचण ओळखणे, हे काम माणसाकडेच राहते. नुसते भाषा सारखी करून देणाऱ्या लेखकाची गरज कमी होईल, हे मी मान्य करतो. जबाबदारी घेणाऱ्याची होणार नाही. शिवाय आता ही यंत्रेच माहितीलेखन वाचून आज्ञावल्या लिहू लागली आहेत. मुळात चूक असेल तर ती एका वाचकापुरती राहत नाही, शंभर ठिकाणी उगवते.

एक शब्द मराठीविषयी. एका वस्तूला एकच नाव द्यावे आणि ते शेवटपर्यंत पाळावे, हा या लिखाणाचा पहिला नियम आहे. ललित लेखनात एकच शब्द पुन्हा आला तर कानाला खुपतो, म्हणून आपण पर्याय शोधतो. येथे पर्याय शोधला की वाचकाला दोन वस्तू आहेत असे वाटते. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि त्याने विषयवार परिभाषा कोश सिद्ध केले. त्यांतले काही शब्द रुळले, काही कोशातच राहिले. माझे म्हणणे असे की, 'सर्वसाधारण दर' हा बाजारात चालणारा शब्द हाताशी असताना नवा घडवू नये, आणि 'मोबाईल' साऱ्या गावाला कळत असताना त्याला संस्कृत वेश चढवू नये. जो शब्द करणाऱ्याच्या तोंडी आहे तो आधी घ्यावा.

नरसी हे नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने पूज्य मानले जाते. कयाधूच्या काठावरल्या या गावाच्या नावाशी जोडलेली वाणी पंजाबात घुमानपर्यंत गेली; त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. ती पदे वाचताना अर्थ सांगायला महाराज शेजारी उभे नसतात. शब्दांनाच ते काम करावे लागते, आणि शतकानुशतके ते शब्द ते करीत आले आहेत. संतांच्या वाणीशी एपीआयच्या माहितीपत्रकाची तुलना मी करीत नाही. तो वेडेपणा होईल. पण आपण दूर असताना आपल्या शब्दांनी दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, ही इच्छा लहान कामातही असू शकते. आणि महाराजांचे घराणे शिंप्याचे होते, हेही लक्षात आणून देतो. माप एकाने घ्यावे आणि कपडा दुसऱ्याने शिवावा, अशी वेळ आली की मापाच्या चिठ्ठीवर सारे अवलंबून असते. छाती किती, बाही किती, आकडा इंचांत की सेंटिमीटरांत. चिठ्ठी चुकली तर उत्तम कापडही वाया जाते.

म्हणून, शिक्षक-बंधूभगिनींनो, आपणांस एक विनंती. येत्या आठवड्यात वर्गाला निबंधाऐवजी एक काम द्या. सातबाराचा उतारा ऑनलाइन कसा काढावा, किंवा आजचा हळदीचा भाव मोबाईलवर कसा पाहावा, हे मुलांना पाऊण पानात लिहायला सांगा. तो कागद त्यांनी घरी न्यावा आणि ज्याने ते काम कधी केले नाही अशा माणसाच्या, आजोबांच्या किंवा मावशीच्या, हाती द्यावा. स्वतः मागे गप्प बसावे, आणि वाचणारा जेथे थांबेल तेथे समासात एक टिंब द्यावे. दुसऱ्या दिवशी त्या टिंबांच्या जागा पुन्हा लिहून घ्याव्यात. ज्या मुलांना टिंबे पाहून राग न येता कुतूहल वाटेल, त्यांची नावे बाजूला लिहून ठेवा. हे लिखाण त्यांना जमेल.